युफोनियमची दुसरी नळी

पेटीतून नऊ वस्तू निघाल्या. रुमाल वेगळा धरला तर दहा. ग्लेनिसने त्या फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर टॉवेल पसरून एका ओळीत मांडल्या. युफोनियम. त्या मोठ्या पितळी वाद्याचा तोंडाला लावायचा चांदीचा तुकडा. तेलाची बाटली, तळाशी जेमतेम बोटभर तेल. पिवळं फडकं. संचलनात चालताना स्वरलिपीचा कागद अडकवायचा चिमटा. फुटबॉलच्या बुटाची एक नाडी. पेपरमिंटच्या दोन गोळ्या, पण त्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की तिने एकच धरली. पंचाची शिट्टी. आणि निळ्या चौकड्यांच्या रुमालात गुंडाळलेली, मधोमध वाकवलेली पितळेची एक नळी.

"त्या शिट्टीचं वाद्याच्या पेटीत काय काम?" डोरीनकाकूने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

"बाबाला विचार. एखाद्या पंचाकडून ढापली असेल."

"लॉईडला मी काही विचारत नाही गं. मर्व्हची बायको ना मी. इतक्या वर्षांत तुझ्या बापाशी हवापाण्यापलीकडे बोललेली नाही, आणि तेसुद्धा दुकानात, मर्व्ह बाहेर गाडीत बसलेला असला तर."

"आणि आज त्याच मर्व्हला तू खोटं सांगून इथं आणतेयस."

"खोटं कसलं? मी म्हटलं, लॉईडने बोलावलंय. बोलावलं असतं, त्याला सुचलं असतं तर."

ग्लेनिस हसली. तिने स्वतः बापाला हेच सांगितलं होतं, नावं उलटी करून.

बेरिलआत्या रविवारी गेली. लॉईड आणि मर्व्हची ती धाकटी बहीण, आणि दोन भावांमधला एकमेव वाहता रस्ता. लॉईडच्या वाढदिवसाचा केक तिच्याकडे दुपारी कापला जायचा आणि मर्व्हच्या घरची माणसं संध्याकाळी उरलेला केक खायला यायची. ख्रिसमसला ती दोन टर्की भाजायची, दोन वेळांना. आता उद्या सकाळी तिला माती द्यायची होती. इस्पितळात शेवटच्या दिवसांत तिने ग्लेनिसचं मनगट धरून एकच गोष्ट मागून घेतली होती. पणजोबा कॉर्नवॉलहून खाणीत कामाला आले तेव्हा बरोबर घेऊन आले होते ती ख्रिसमसची चाल, थडग्यापाशी, दोघा भावांनी मिळून वाजवायची. मर्व्हची कॉर्नेट, ती छोटी तुतारी, आणि लॉईडचा युफोनियम. दुसरं कुणी नको.

"ख्रिसमसची चाल ऑगस्टमध्ये?" ग्लेनिस म्हणाली होती.

"मग काय, डिसेंबरपर्यंत थांबू?"

ग्लेनिसने हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं सोपं असतं. ते हो निभवायला आता एक दुपार उरली होती.

दारात रसेल उभा राहिला. बेरिलआत्याचा मुलगा; चार दिवस न झोपलेल्या माणसाचा चेहरा. त्याने ओळीत मांडलेल्या वस्तूंकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या कच्च्या पास्ट्यांकडे, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांकडे.

"खरंच येणार आहेत दोघं?"

"येणार आहेत," ग्लेनिस म्हणाली.

"एका खोलीत?"

"रसेल, तू चहा घे."

"मला चहा नको. मला पाचच्या आत सांग. पास्टरला कळवायचंय. आईच्या खड्ड्यापाशी ह्या दोन म्हाताऱ्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं आणि अख्ख्या मॉर्वा बे गावाने ते बघायचं, असलं मला चालणार नाही. माझ्याकडे सीडी आहे. सीडी भांडत नाही."

"तिला सीडी नको होती."

"तिला बऱ्याच गोष्टी नको होत्या, ग्लेनिस. तरी झाल्या." एवढं बोलून तो थोडा वरमला. "पाच," असं म्हणून निघून गेला.

डोरीनने पास्टीची कड मुरडत आणली. मॉर्वा बेत अजूनही प्रत्येकाच्या पास्टीच्या कोपऱ्यावर पिठाचं अक्षर चिकटवतात, खाणीच्या काळापासून. म्हणजे कुणी कुणाची खात नाही. एल, एम, आर, जी. तिची बोटं न बघता चालत होती. पुढच्या पास्टीवर तिने बेरिलचा बी चिकटवला आणि ट्रे पुढे सरकवला. ग्लेनिसने ते पाहिलं.

तिने सिंकमध्ये कोमट पाणी घेतलं. सकाळी पेटी आणायला ती बापाच्या शेतावर गेली तेव्हा लॉईड ट्रॅक्टरच्या शेडमध्ये वाजवत होता. बँड सोडल्यापासून तो तिथेच वाजवायचा, बार्लीच्या पोत्यांसमोर. बाहेर उभं राहून तिने ऐकलं होतं. सूर गोल, भरलेला, कुठे थरथर नाही. पण पितळ काळं पडलेलं, सांध्यांत हिरवं साचलेलं. उद्या अख्ख्या गावासमोर असं न्यायचं म्हणजे लाजच. तिने सगळ्या सरकत्या नळ्या ओढून काढल्या, पाण्यात टाकल्या, रुमालातलीही टाकली, ब्रशने घासल्या आणि टॉवेलवर ओळीने वाळत घातल्या.

"मला एक सांग, काकू," ती म्हणाली. "तुला काय वाटतं? बाबाने मुद्दाम केलं होतं?"

गावात हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. प्रत्येकाचं उत्तर घरावरूनच ठरलेलं असायचं.

चौसष्ट साली मॉर्वा बेच्या बँडने आपली वाद्यं खालच्या पट्टीत आणली. तोवर जुने बँड चढ्या पट्टीत वाजवत. आता सगळीकडे नवी पट्टी आली होती आणि जुन्या वाद्यांना लांब नळ्या बसवून घ्याव्या लागत होत्या. मर्व्ह नुकताच बँडमास्तर झालेला. लॉईड क्लबचा कॅप्टन आणि बँडचा युफोनियमवाला, दोन्ही. बैठकीत लॉईड विरोधात गेला: आधी मैदानाला दिवे हवेत, पोरं अंधारात सराव करतात. हरला. वाद्यं मेलबर्नला गेली, परत आली. मग ॲडलेडला बँडची स्पर्धा. सकाळी रस्त्यावरच्या संचलनात सगळे सुरात. दुपारी स्टेजवर युफोनियमचा एकल तुकडा आला आणि लॉईडचा सूर पहिल्यापासून चढा. थोडाथोडका नव्हे, दोन सुरांच्या मधल्या फटीत अडकल्यासारखा. परीक्षक पडद्याच्या खोक्यात बसलेला, त्याला माणूस दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. बँड शेवटून पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्व्हने युफोनियम उचलला, स्वतः फुंकला. सूर अगदी जागेवर. तेव्हा बसमध्ये, सगळ्यांसमोर, तो भावाला म्हणाला: तू मुद्दाम केलंस. लॉईड खिडकीबाहेर बघत राहिला.

सप्टेंबरात फुटबॉलची ग्रँड फायनल. मर्व्ह त्या वर्षी मैदानाच्या कडेने धावणारा, जिल्ह्यातला सगळ्यात चपळ विंगर होता. कॅप्टन लॉईडने संघ वाचला तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. मॉर्वा बे चार गुणांनी हरलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि ह्या क्लबमध्येही बँडवाले खिडकीकडे बसतात आणि फुटबॉलवाले बारकडे.

"मी मर्व्हशी लग्न केलंय," डोरीन शेवटी म्हणाली. "मला काय वाटतं ते मी त्याच दिवशी पुसून टाकलं."

ग्लेनिस त्या वर्षी अकराची होती. तिला त्याआधीचे शनिवार आठवत होते. सकाळी तिचं नेटबॉल, दुपारी मोठ्यांचा सामना, आणि जिंकलं की ह्याच हॉलमध्ये गुडघ्यापर्यंत चिखल, दुखऱ्या अंगाला चोळायच्या लिनिमेंटचा वास, आणि बाबा बूट न काढता युफोनियम घ्यायचा. मर्व्हकाका कॉर्नेट. बेरिलआत्या पियानोवर. ती पियानोखाली बसायची, लाकडाला पाठ टेकून. युफोनियमचा सूर आधी पाठीत यायचा, मग कानात. पुढे तिने स्वतः पोरींना नेटबॉल शिकवलं, दोन लेकरं वाढवली, नवरा गमावला. पण इतकं सुरक्षित तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

तिने वाद्य कोरडं केलं आणि नळ्या एकेक जागेवर सरकवल्या. पाठीमागच्या मोठ्या नळीच्या जागी बसतील अशा दोन होत्या. एक काळपट, घासूनही डाग न गेलेली. दुसरी नव्यासारखी चमकणारी. तिने चमकणारी बसवली आणि दुसरी रुमालात गुंडाळून पेटीत टाकली.

लॉईड आधी आला. दार उघडून त्याने खिडकीकडच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि सवयीने बारकडे जाऊन बसला. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता; तो मान थोडी तिरकी धरूनच सगळ्यांकडे बघायचा, त्यामुळे त्याला सगळ्यांवर संशय आहे असं वाटायचं.

"कुठंय तो?"

"येतोय."

"येतोय म्हणजे? बोलावणारा आधी येतो."

तेवढ्यात मर्व्ह आला. अंगात बँडचा लाल कोट, एकाहत्तराव्या वर्षीही बटणं लागणारा. हातात कॉर्नेटची पेटी. त्याने भावाकडे न बघता डोरीनला विचारलं, "काय म्हणणं आहे ह्याचं?"

"माझं?" लॉईड म्हणाला. "माझं काय म्हणणं असणार? तू बोलावलंस म्हणून आलो."

"मी बोलावलं? तू बोलावलंस!"

दोघांनी एकदम बायकांकडे पाहिलं. डोरीनने ओव्हन उघडून त्यात डोकं घातलं.

"बेरिलआत्याने बोलावलंय," ग्लेनिस म्हणाली. "दोघांना. आणि रसेल पाच वाजता उत्तर मागायला येणार आहे. एकदा वाजवा. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तो सीडी लावेल, मी पास्ट्या गरम करेन, आणि तुम्ही आपापल्या घरी जाऊन मरा, एकेकटे."

मर्व्हने कॉर्नेटची पेटी टेबलावर ठेवली.

"तिची जीभ बेरिलवर गेलीय," मर्व्ह कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला.

"थोबाडही," लॉईड म्हणाला.

चाळीस वर्षांत न भांडता, एकमेकांना धरून बोललेली ही पहिली दोन वाक्यं असावीत. ग्लेनिस हलली नाही. हललं तर मोडेल असं तिला वाटलं.

मर्व्हने कॉर्नेट काढली. लॉईडने टॉवेलवरून युफोनियम उचलला, मांडीवर घेतला, वजनाने जरा कण्हला. "चकाकतोय की," तो म्हणाला. "काय, लग्न आहे का कुणाचं?"

"सुरुवात तुझी," मर्व्ह म्हणाला. "दुसऱ्या ओळीला मी येतो. सावकाश घे."

"चाल माहितीय मला."

"माहितीय तुला. म्हणून म्हणतोय, सावकाश."

लॉईडने श्वास घेतला. पहिली ओळ एकट्याची होती. तरीही ग्लेनिसला काहीतरी खटकलं. सकाळी शेडबाहेर ऐकलेला सूर हा नव्हता. मग मर्व्ह आत आला, आणि दोन्ही सूर एकमेकांवर असे घासले की डोरीनच्या हातातला ट्रे ओव्हनच्या दारावर आपटला.

मर्व्हने कॉर्नेट खाली घेतली. त्याचा चेहरा राग येण्याच्याही पलीकडे गेला होता.

"परत," तो म्हणाला. "तिच्या मयतावरसुद्धा. परत तेच."

लॉईडचा अंगठा वाद्याच्या पाठीमागे गेला, मोठ्या नळीवरून खाली उतरला आणि जिथे अजून नळी असायला हवी होती तिथे हवेत थांबला. त्याने मान तिरकी करून ओट्याकडे पाहिलं. ओला टॉवेल. ब्रश. ग्लेनिसचे पाण्याने सुरकुतलेले हात. तिला त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि लगेच ते मिटलं.

"माझी चूक," तो म्हणाला. "ओठांत दम राहिला नाही आता. सीडी लावा."

"ओठ?" ग्लेनिस म्हणाली. "बाबा, सकाळी तर तू अगदी छान वाजवत होतास."

"सकाळची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? हेच वाद्य. मी फक्त धुतलं. सगळं जिथल्या तिथं लावलं, ती मागची तेवढी…" ती थांबली. "दोन होत्या. मी त्यातली चांगली दिसणारी लावली. ती नव्हती का लावायची?"

"ग्लेनिस, गप्प बस."

"दोन?" मर्व्ह म्हणाला.

"गप्प बस म्हटलं ना तिला."

"ती काय तुझ्या संघात आहे? दोन कसल्या? दुसरी कुठंय?"

ग्लेनिसने पेटीतून रुमाल काढून दिला. मर्व्हने तो उलगडला, मग भावाच्या मांडीवरच्या वाद्यातली नळी स्वतःच ओढून काढली. लॉईडने अडवलं नाही. मर्व्हने हयातभर धान्याच्या सायलोंवर फिटरचं काम केलं होतं. नळी बघायची कशी हे त्याच्या हाताला सांगावं लागत नव्हतं. त्याने चमकणारी उलटी केली. वाकणाच्या आतल्या बाजूला कानशीने केलेली बारीक फुली होती.

"ही म्हाताऱ्याची, आपल्या बापाची," तो म्हणाला. "चढ्या पट्टीची. त्याच्या प्रत्येक हत्याराला ही फुली असायची. मी म्हटलं होतं जुन्या नळ्या भंगारात द्या."

"मी नाही दिली."

"का?"

"त्याने चाळीस वर्षं वाजवली होती ती. भंगारात कशी देऊ?"

मर्व्ह खुर्चीत बसला. बारकडच्या खुर्चीत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"ॲडलेडला," तो सावकाश म्हणाला, "संचलन झालं, मग जेवणाची सुट्टी झाली. आपण झाडाखाली सँडविच खात होतो. वाद्यं कुणी पुसली?"

"किती माणसं होती तिथं."

"लॉईड. वाद्यं कोण पुसायचं?"

"माझे सासरे पुसायचे," डोरीन मधेच म्हणाली. "नेहमी तेच. बाकी कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत."

लॉईडने चांदीचा तुकडा काढून तळहातावर घेतला, बोटं मिटली.

"त्या वर्षी तो मला दोनदा त्याच्या भावाच्या नावाने हाक मारून बसला होता," तो म्हणाला. "तुझ्या लक्षात नाही आलं. तू बँडमध्ये होतास, चोवीस तास. बेरिलच्याही नाही आलं. त्याने सगळं उघडलं, पुसलं, आणि हाताला जी सवय होती ती नळी बसवली. मला स्टेजवर कळलं. जेवढी बाहेर ओढता येईल तेवढी ओढली, पुरेना. रात्री मीच गुपचूप बदलून ठेवली."

"मग थांबायचं. हात वर करायचा."

"तो पहिल्या रांगेत बसला होता, मर्व्ह. मांडीवर टोपी. तुझी पाठ होती त्याच्याकडे, तू बघितलं नाहीस. मी पहिला सूर काढला आणि तो मान डोलवायला लागला. आपण लहान असताना डोलवायचा ना, तशी. त्याला बरोबर वाटत होतं."

डोरीन पिठाच्या हातांनीच ॲप्रनमध्ये तोंड लपवून उभी राहिली.

"मला सांगायचं होतंस," मर्व्ह म्हणाला. "नंतर. बसमध्ये नाही, पण नंतर."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू त्याला वाद्यांना हात लावू दिला नसतास."

"नसताच दिला! बँडमास्तर होतो मी."

"म्हणूनच."

मर्व्हने दुसरीकडून हात घातला.

"आणि फायनल? तीही म्हाताऱ्यासाठीच का?"

"नाही," लॉईड म्हणाला. "ती मी केली. मुद्दाम. तू बसमध्ये जे बोललास त्यासाठी."

"चार गुणांनी हरलो आपण."

"माहितीय."

"विंगवर माणूस नव्हता."

"माहितीय मला. मी तिथं होतो."

मर्व्ह उठला. कॉर्नेट पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. फुलीची नळी रुमालात गुंडाळून त्याने कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. खिडकीतून तो मैदान ओलांडून जाताना दिसला. गाडीकडे नव्हे, गोलच्या खांबांकडे.

"येईल का गं उद्या?" ग्लेनिसने विचारलं.

"मला काय विचारतेस?" डोरीन म्हणाली. "आता मलासुद्धा प्रश्न पडलाय, इतकी वर्षं मी कुणाबरोबर राहिले."

लॉईड काळपट नळी वाद्यात बसवत होता. बोटं साथ देत नव्हती, तरी त्याने कुणाला मदत मागितली नाही.

पाचला रसेल आला. हॉलमध्ये एकटा लॉईड, खिडकीकडच्या खुर्च्या रिकाम्या.

"मग?" त्याने ग्लेनिसला विचारलं. "सीडी?"

दोघं वाजवतील असं म्हणण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. एक शब्द होता, आत्याला दिलेला. चुकला तर उद्या थडग्यापाशी शांतता पसरेल आणि रसेल आयुष्यभर तिच्याकडे तसं बघेल, जसं हे गाव त्या दोघांकडे बघत आलं होतं.

"सीडी नको," ती म्हणाली. "दोघं वाजवतील."

"त्यांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

शुक्रवारी समुद्राकडून वारा होता. दफनभूमीच्या कुंपणापलीकडे बार्ली आडवी होऊन पुन्हा उभी राहत होती. बँडवाले एका बाजूला जमले, फुटबॉलवाले दुसऱ्या; मधे खड्डा. लॉईड डोक्याकडच्या बाजूला युफोनियम घेऊन उभा होता, एकटा. पास्टरचं बोलणं संपत आलं. डोरीन एकटीच आली होती. ग्लेनिसने तिच्याकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. रसेलने कोटाच्या खिशात हात घातला. तिथे सीडीच असणार.

पास्टर थांबला. लॉईडने कुणाची वाट बघितली नाही. त्याने वाद्य उचललं आणि पहिली ओळ घेतली.

सूर शेडमधला होता. वाऱ्याने त्याची कड खाल्ली तरी आतला भरीवपणा गेला नाही. ग्लेनिसला तो पाठीत ऐकू आला. ओळ संपत आली आणि तिने श्वास रोखला, कारण ह्यानंतर एकतर दुसरा सूर होता किंवा काहीच नव्हतं.

कॉर्नेट तिच्या मागून आली. मर्व्ह फाटकापाशी उभा होता, लाल कोटात, आणि वाजवत वाजवत चालत होता, संचलनात चालतात तसा मोजून पावलं टाकत. फुटबॉलवाल्यांनी वाट करून दिली. त्यांच्या मधून येऊन तो भावाच्या डाव्या बाजूला उभा राहिला, मोतीबिंदूच्या बाजूला, आणि खांद्याने खांद्याला किंचित टेकला, म्हणजे त्याला कळावं. दुसरी ओळ दोघांनी पुरी केली. तिसरी बेरिलची असायची, पियानोची. ती त्यांनी वाजवली नाही. तेवढे ठोके मोजून ते थांबले आणि चौथीवर पुन्हा एकत्र आले.

रसेलने खिशातून हात काढला. हातात रुमाल होता.

क्लबमध्ये लोक कुठेही बसले. बाराच्या सुमारास ट्रेमध्ये एकच पास्टी उरली, बी अक्षराची. डोरीनने ती पाहिली, स्वतःलाच एक शिवी दिली, मग सुरीने मधोमध कापली आणि अर्धी अर्धी दोन भावांच्या बशीत ठेवली. दोघं एकाच टेबलाशी होते.

"सॉस दे," मर्व्ह म्हणाला.

"पास्टीला सॉस? म्हाताऱ्याने घराबाहेर काढलं असतं."

"दे रे."

लॉईडने सॉस सरकवला. मग साचलेलं पाणी झटकायला युफोनियम मांडीवर घेतला आणि पाठीमागची नळी ओढून काढली. मर्व्हने हात पुढे केला. लॉईडने ती त्याच्या हातात दिली.

मर्व्हने कोटाच्या आतून रुमाल काढला, दुसरी नळी सोडवली आणि दोन्ही नळ्या टेबलावर, वाकणाला वाकण लावून, शेजारी शेजारी ठेवल्या. बशी बाजूला केली. खिशातली घडीची पितळी मोजपट्टी उघडून तो खाली वाकला. ग्लेनिस चहाची किटली घेऊन तिथेच थांबली.

"किती आखूड?" लॉईडने विचारलं.

मर्व्हने चष्मा कपाळावर सरकवला. एक टोक मोजलं, मग दुसरं, मग पहिलं पुन्हा.

"दीड इंच," तो म्हणाला. "दोन्हीकडे."